पहिली सेमी-ऑटो .२२ रायफल घ्यायचीय, बजेट ७०-८० हजार, बडोद्यात काय शक्य आहे?

मांजलपूरकर

नमस्कार मंडळी. एम. एस. युनिव्हर्सिटीत असताना एनसीसीत होतो, तिथे .२२ डिलक्स रायफलने आडवं पडून फायरिंग केलं होतं, ग्रुपिंग (गोळ्या किती जवळजवळ लागल्या ते) बरं आलं होतं आणि तेव्हापासून डोक्यात बसलंय की स्वतःची रायफल घ्यायची आणि नीट शिकायचं. आता मकरपुरा जीआयडीसीत नोकरीला आहे, वय २७, लग्न व्हायचंय, थोडे पैसे बाजूला पडलेत म्हणून विचार चालू केलाय.

युट्यूबवर रुगर १०/२२ चे बरेच व्हिडिओ बघितले. सेमी-ऑटो आहे, दहा गोळ्यांचं मॅगझिन, दर वेळी बोल्ट मागे ओढायला नको, आणि अमेरिकेत तर लोक पहिली रायफल म्हणून हीच घेतात असं दिसतं. तशीच एखादी इथे मिळेल का? ती नसेल तर आपल्याकडे बनलेली कुठली सेमी-ऑटो आहे का? लायसन्सला किती त्रास होतो? मामांची डभोईकडे शेती आहे, तिथे प्रॅक्टिस केली तर चालेल का? नुसती कपाटात ठेवायला नकोय, स्पर्धेत उतरायचंय, निदान मावळंकर नेमबाजी स्पर्धेपर्यंत तरी जायचं मनात आहे. कोणी अनुभवी असेल तर प्लीज सांगा.

डायॉप्टर

अरे वा, बडोद्यातून मराठीत कोणीतरी रायफलबद्दल विचारतंय, बरं वाटलं. पण आधी कायद्याचं बोलतो कारण त्यात अडकलास तर नोकरीपण धोक्यात येईल.

आपल्याकडे आर्म्स अॅक्ट १९५९ चा आणि त्याखालचे नियम २०१६ चे. त्यात सेमी-ऑटोमॅटिक रायफल निर्बंध असलेल्या वर्गात टाकलीय. ट्रिगर दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात ती फुल-ऑटो, ती तर पूर्ण बंदच, पण सेमी-ऑटोसुद्धा तुझ्या-माझ्यासारख्याला साध्या लायसन्सवर मिळत नाही. रुगर १०/२२ चांगली रायफल आहे, १९६४ पासून निघतेय, पण ती तिकडच्या कायद्यातली आणि तिकडच्या खेळातली गोष्ट आहे. इथे कोणी 'करून देतो' म्हणाला तर त्याचा नंबर डिलीट कर.

आणि खरं सांगू, तुला ज्या स्पर्धेत जायचंय तिथे सेमी-ऑटो रायफल लागतच नाही. ऑलिंपिकमधल्या रायफलच्या सगळ्या इव्हेंट, १० मीटर एअर रायफल असो की ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, आडवं पडून आणि उभं राहून), सिंगल शॉट असतात. एक गोळी भरायची, एक मारायची. स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ब्राँझ काढलं ते अशाच रायफलने. सेमी-ऑटो दिसते ती पिस्तुलात, २५ मीटर रॅपिड फायरला. तेव्हा दहा गोळ्यांचं मॅगझिन हा मुद्दाच डोक्यातून काढून टाक, त्यासाठी एक रुपयासुद्धा जास्त मोजायची गरज नाही.

शेतावर अजिबात नको. .२२ ची गोळी दिसायला करंगळीच्या नखाएवढी पण मोकळी सुटली तर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि डभोईकडे सगळं सपाट, मागे टेकडी नाही, बांध नाही, कुठे कोण काम करत असेल सांगता येत नाही. एअर गन घेऊन पक्षी मारणं हासुद्धा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, हे पण मामांच्या पोरांना सांगून ठेव.

शियाबागकर

डायॉप्टर यांचं बरोबर आहे पण पोराची .२२ ची हौस एकदम मारू नका हो 🙂 सेमी-ऑटो नाही तर नाही, बोल्ट अॅक्शन .२२, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची, ती घेता येते ना. ईशापूरच्या फॅक्टरीची .२२ स्पोर्टिंग रायफल कितीतरी वर्षं लोक वापरतायत. लायसन्सला वय २१ पूर्ण लागतं, ते तुझं आहेच. शहरात अर्ज पोलीस कमिशनरकडे जातो, व्हेरिफिकेशन होतं, हत्यार सुरक्षित हाताळता येतं याचं ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं, आणि खेळासाठी मागत असशील तर रायफल क्लबची मेंबरशिप आणि तुझे स्कोअर कामाला येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन्स ३ ऐवजी ५ वर्षांचं झालं, आणि एका माणसाला ३ ऐवजी २ च हत्यारं, नावाजलेल्या शूटर्सना वेगळी सूट आहे.

पण ईशापूरची ती साधी स्पोर्टिंग रायफल आहे, मॅच रायफल म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेली नाही हे लक्षात ठेव. ५० मीटरला आडवं पडून मजा येईल, बेसिक शिकशील, पण मॅचला अन्शुट्झ किंवा वॉल्थर घेऊन उभ्या असलेल्या पोरांच्या शेजारी ती पुरणार नाही. शिवाय गोळ्या. चांगली मॅचची .२२ गोळी बाहेरून येते, एली, लापुआ वगैरे, आणि एका गोळीचा भाव ऐकलास की प्रत्येक शॉट मोजून मारशील. शिकणाऱ्याने मोजून मारून कसं चालेल, त्याला तर भरपूर मारायला पाहिजे.

मांजलपूरकर

धन्यवाद दोघांनाही. सेमी-ऑटोचं कळलं, तो विषय संपला. म्हणजे आता बोल्ट अॅक्शन .२२ की एअर रायफल? एअर रायफल म्हणजे जत्रेत फुगे फोडतात तीच ना, त्याने मन भरेल का असं वाटतं. आणि माझ्या बजेटमध्ये चांगली मिळेल का?

रेंजवाली_आई

मी स्वतः शूटर नाही, माझी मुलगी शूटिंग करते, तिला रोज मी रेंजवर सोडते आणि बसून असते, म्हणून पैशांचं मी सांगू शकते. जत्रेतली एअर गन आणि मॅचची एअर रायफल यांत नुसतं 'एअर' सारखं आहे दादा. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, बॉलपेनचं टोक टेकवलं तर जेवढा उमटतो तेवढा, आणि तो उभं राहून, चार-पाच किलोची रायफल हातात धरून, ६० वेळा मारायचा, सव्वा तासात. वर पॉइंटात मोजतात, १०.१ वेगळा आणि १०.९ वेगळा. अभिनव बिंद्राचं २००८ चं गोल्ड याच इव्हेंटमधलं आहे. मन भरेल का हे तुम्ही एकदा उभे राहून मारून बघा, मग इथे येऊन सांगा.

आता बजेट. कोणीच हे आधी सांगत नाही म्हणून मी सांगते. रायफल हा एक खर्च आहे, सगळा खर्च नाही. जॅकेट लागतं, पँट लागते, शूज, ग्लोव्ह, पेलेट म्हणजे शिशाचे छर्रे, रेंजची महिन्याची फी, कोचची फी, स्पर्धेची एंट्री, अहमदाबादला जायचं-यायचं भाडं, राहणं. आमच्या ओळखीच्या एका घरात सगळी बचत आणि वर कर्ज काढून मुलासाठी नवी कोरी जर्मन रायफल आणली, आणि नंतर रेंजला पाठवायला पैसे उरले नाहीत, ती रायफल पेटीतच पडून राहिली. मुलगा गुणी होता, त्याचं फार वाईट वाटतं. तुमच्याकडे ८० हजार असतील तर मी म्हणेन पहिले काही महिने रायफल घेऊच नका, क्लबची वापरा. बहुतेक रेंजवर क्लबच्या रायफली असतात, तासाचे किंवा महिन्याचे पैसे घेतात.

डायॉप्टर

+१ ताईंना. एअर रायफलचा अजून एक फायदा म्हणजे लायसन्सची भानगड नाही. .१७७ म्हणजे ४.५ मिमी बोअर (नळीचं भोक) आणि २० ज्यूलच्या आत असेल तर लायसन्स लागत नाही, दुकानदार ओळखपत्राची कॉपी घेतो तेवढंच. मॅच रायफलचा जोर तर ७-८ ज्यूलच असतो, अर्ध्या ग्रॅमचा पेलेट, सेकंदाला १७०-१७५ मीटर. म्हणून दुकानात कोणी 'हिचा पॉवर बघा साहेब' म्हणून सेकंदाला एक हजार फूट-बिट सांगायला लागला की समजायचं ही आपल्या कामाची नाही. टार्गेटसाठी जोर नको, दर वेळी तोच सारखा वेग पाहिजे.

पर्याय साधारण असे दिसतात. एक, भारतीय स्प्रिंगवाली, प्रिसिहोलची एनएक्स १०० किंवा एनएक्स २०० अथेना. नळी मोडून स्प्रिंग दाबायची, एक पेलेट भरायचा. स्वस्तात मस्त, तुझ्या बजेटच्या बऱ्याच आत. ओपन साइटच्या (नळीवरच्या उघड्या खाचेतून नेम धरायच्या) गटात उतरायला चालते, आपल्याकडच्या स्पर्धांत ओपन साइटचा वेगळा गट असतो, नवी पोरं तिथूनच सुरुवात करतात. पण स्प्रिंगचा प्रॉब्लेम असा की पेलेट नळीतून बाहेर पडायच्या आधी आत पिस्टन धडकतो, रायफल पुढे-मागे दोन्हीकडे हलते, त्यामुळे घट्ट आवळून धरलीस तर एकीकडे जाईल आणि सैल धरलीस तर दुसरीकडे. हात शिकतो, पण जे शिकतो त्यातलं थोडं पुढे मॅच रायफल घेतल्यावर विसरावं लागतं. आणि स्प्रिंगवाली रायफल पेलेट न भरता रिकामी मारायची नाही, आतलं सील खराब होतं.

दोन, पीसीपी म्हणजे सिलेंडरमध्ये हवा भरलेली. भारतीयमध्ये प्रिसिहोलची पीएक्स १०० अकिलिस आहे, पण ती मॅचच्या घडणीची नाही. बाहेरची एंट्री लेव्हल म्हणजे हॅमर्ली एआर २०, अॅल्युमिनियमचा स्टॉक, सगळं अॅडजस्ट होतं. टॉपच्या म्हणजे वॉल्थर एलजी ४००, फाइनवेर्कबाउ ८००, स्टायर, अन्शुट्झ ९०१५, या नव्या घेतल्या तर दोन लाखांच्या वरच, तो विचार आत्ता नकोच.

तीन, जुनी मॅच रायफल सेकंडहँड. माझं मत इथेच आहे.

दांडियाबाजार_काका

उशिरा लिहितोय, आत्ता वाचलं सगळं. मावळंकर नाव काढलंस म्हणून बरं वाटलं बाळा. गणेश वासुदेव मावळंकर, आपल्या लोकसभेचे पहिले सभापती, जन्म याच बडोद्यातला, १८८८ चा, घराणं रत्नागिरीकडचं. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने. स्पर्धेला त्यांचं नाव आहे आणि आपल्या गावातल्या अर्ध्या मराठी पोरांना ते बडोद्याचे हे ठाऊक नसतं. तू तिथपर्यंत जाच.

आता सेकंडहँडचं बोलतो, रेंजवर पुष्कळ रायफली हातात घेतल्यात. शूटर लोक दर चार-पाच वर्षांनी रायफल बदलतात, कॉलेज संपलं की काही जण सोडूनच देतात, तेव्हा चांगला माल निघतो. दुकानात किंवा ऑनलाइन जाहिरातीत शोधू नकोस, रेंजवर आणि राज्य स्पर्धेत कानावर येतं, अहमदाबादला तर जास्तच. घेताना कोच बरोबर पाहिजे.

बघायचं काय? सिलेंडर आधी. त्याच्यावर तारीख कोरलेली असते, स्पर्धेत दहा वर्षांच्या आतलाच चालतो, आणि तारीख उलटलेला सिलेंडर म्हणजे २०० बारचा दाब तुझ्या हनुवटीखाली, तो घ्यायचाच नाही. विकणारा म्हणेल 'अजून एकदम ओके आहे', तरी नाही. सिलेंडर नवा घ्यायचा असेल तर ती किंमत रायफलच्या किमतीतून कमी करून माग. मग पूर्ण भरून रात्रभर ठेवायला सांग, सकाळी मीटर बघ, काटा खाली आला असेल तर कुठेतरी गळतंय. नळीच्या तोंडाजवळ नख फिरव, खरवड लागते का बघ. पीप साइटच्या (बारीक भोकातून बघायची मागची साइट) नॉबला एक-एक क्लिक फिरवून बघ, दहा क्लिक डावीकडे, दहा उजवीकडे, परत तिथेच यायला पाहिजे. बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि गालाच्या तुकड्याचे स्क्रू घासलेले असतील तर ती फार हातातून गेलीय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुझ्या अंगाला बसते का. खांद्याला लाव, गाल टेकव, डोळे मिट, दोन श्वास घे, डोळे उघड. साइटच्या मधोमध दिसलं पाहिजे, मान ताणून किंवा गाल दाबून दिसायला नको. डावा कोपर कंबरेच्या हाडावर टेकला पाहिजे, म्हणजे वजन हाडावर जातं, दंडावर नाही. तू उंच असशील आणि रायफल एखाद्या ठेंगण्या मुलीने वापरलेली असेल तरी बट प्लेट लांब करता येते, पण किती लांब होते तेवढं मोजून घे. रायफलचं जास्तीत जास्त वजन साडेपाच किलो चालतं, पण तुला आत्ता जड नको.

माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाची टॉपची रायफल होती आणि स्कोअर हलत नव्हता. आम्ही रायफलला हातच लावला नाही. डोळे मिटून, उघडून, साइट डावीकडे गेलेली दिसली की हाताने ओढून आणायची नाही, पाय सरकवायचे, एवढंच करून घेतलं रोज. पायाची दिशा बसली आणि मग कुठे स्कोअर सुटला. त्या जागी दुसरी रायफल घेतली असती तर तिच्यावरही स्कोअर तोच राहिला असता.

रेंजवाली_आई

काका फार छान सांगितलंत. जॅकेटचं मी एक जोडते. जॅकेट सेकंडहँड घेताना जपून, कापडाची जाडी आणि कडकपणा मशीनने मोजतात स्पर्धेत, जाडी एकेरी अडीच मिलिमीटरच्या वर गेली तर नापास. आणि जॅकेट दुसऱ्याच्या अंगावर मऊ झालेलं असतं, ते तुम्हाला आधार देत नाही. रायफल जुनी चालेल, जॅकेट मापाचं नवं शिवून घ्या, भारतीय बनावटीचे मिळतात. आमच्या मुलीने तर तसंच केलं, जुनी फाइनवेर्कबाउ आणि नवं जॅकेट. पेलेटच्या डब्यात शिसं असतं, मारून झालं की हात साबणाने धुवायचे, रेंजवर तशाच हाताने नाश्ता करायचा नाही, हे पण सांगते, कारण मुलं ऐकत नाहीत.

मांजलपूरकर

वाचून डोकं साफ झालं, खरंच. काका, मावळंकर बडोद्याचे हे मलाही माहीत नव्हतं, आता सगळ्यांना सांगणार. ठरवलं असं की रेंजची मेंबरशिप घेतो, क्लबच्या रायफलवर काही महिने काढतो, त्यात ८० हजारातले मोजके लावतो आणि मग रेंजवर विचारून जुनी मॅच रायफल बघतो. .२२ चं लायसन्स वगैरे स्कोअर आले की बघू. अजून दोन शंका आहेत. पेलेट कुठले घेऊ आणि हवा घरी कशी भरायची, बडोद्यात मिळते का कुठे? आणि मी चष्मा लावतो, उजव्या डोळ्याचा नंबर जास्त आहे, चालेल का?

डायॉप्टर

पेलेट सरावाला भारतीय मॅच ग्रेडचे चालतील, स्कोअर बघायला लागलास की आरडब्ल्यूएस आर १० किंवा एच अँड एन फिनाले मॅच. डब्यावर ४.४९, ४.५० असं हेड साइज लिहिलेलं असतं, प्रत्येक नळीला वेगळं जमतं, म्हणून क्लबमध्ये दोन-तीन जणांकडून थोडे-थोडे मागून रायफल टेकवून ग्रुप काढ, जो लहान येईल त्याचे डबे घे. एकाच लॉटचे घे.

हवा रेंजवरच भरून घे, मोठ्या टाकीवरून. सिलेंडर घरी आणताना थोडी हवा उरलेली ठेव, एकदम रिकामा करू नकोस. हातपंप मिळतो पण २०० बारपर्यंत जाताना घाम काढतो आणि आत ओल जाते, त्यापेक्षा टाकी बरी. घरी रिकाम्या ट्रिगरचा सराव मात्र रोज कर, मॅच रायफलला त्यासाठी वेगळी ड्राय फायर सोय असते, भिंतीवर छोटा काळा ठिपका लावून. त्याआधी रायफल रिकामी आहे की नाही ते दोनदा बघायचं आणि रेंजवर असशील तेव्हा नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत दोरी) घालायचाच.

दांडियाबाजार_काका

चष्म्याची काळजी करू नकोस. शूटिंगसाठी वेगळी फ्रेम असते, एकाच डोळ्यापुढे काच, ती डोक्याच्या कलत्या कोनाला बरोबर समोर येते. पण आधी तुझा जोरकस डोळा कुठला ते बघ, कारण उजव्या हाताने मारायचं आणि डोळा डावा जोरकस असेल तर वेगळा विचार करावा लागतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या दिव्याकडे बोट दाखव, मग एकेक डोळा मिट, ज्या डोळ्याने बघताना बोट दिव्यावरच राहतं तो तुझा. डॉक्टरला सांगताना सांग की समोरच्या साइटची रिंग, हाताच्या थोडी पुढे, तिथे स्वच्छ दिसलं पाहिजे, टार्गेट थोडं धूसर चालेल. समोरची रिंग पण सुरुवातीला मोठी ठेव, ४ मिमीच्या आसपास. बारीक रिंग घेतली की डोळा तिला टार्गेटच्या काळ्या गोलाभोवती बरोबर बसवायला बघतो आणि तोवर श्वास संपतो. रविवारी सकाळी रेंजवर ये, मी असतो, क्लबची रायफल तुझ्या मापाला लावून देतो.